‘तोरादोरा’ या जपानी अॅनिमे (अॅनिमेशन) मालिकेचे तीन भाग पाहिले, कंटाळा आला. पुढे सुधारते का? मालिकेत नेमकं चांगलं-वाईट काय आहे?

सुधारते. पाचव्या भागात आमी कावाशिमा ही नवी मुलगी वर्गात दाखल झाली की मालिका पकड घेते. तेराव्या भागापर्यंत पाहा. तोवरही रुचली नाही तर बिनधास्त सोडा, कारण पुढचे बारा भाग जास्त जड आहेत, हलके नाहीत. (खाली शेवटापर्यंतचं कथानक थोडं फुटेल.)

तुमचा कंटाळा रास्त आहे. नायक ऱ्युजीला मिनोरी आवडते, नायिका तायगाला कितामुरा, सगळे एकाच शाळेतले, आणि ऱ्युजी-तायगा एकमेकांचं जमवून द्यायला निघतात, हा साचा तेव्हाही जुनाच होता. त्यात तायगा उठसूट ऱ्युजीला बदडते आणि तेच विनोद म्हणून खपवलं जातं. मालिका 2008 च्या ऑक्टोबरात सुरू झाली, त्या काळच्या अॅनिमेत हे सर्रास चालायचं. आज खटकतं, आणि खटकायलाच हवं. सातव्या भागातला पोहण्याच्या पोशाखाचा विनोदही असाच लांबवलेला आहे.

पण पहिलाच भाग पुन्हा नीट बघा. प्रेमपत्र चुकून ऱ्युजीच्या दप्तरात गेलं म्हणून तायगा रात्री लाकडी तलवार घेऊन त्याच्या घरात शिरते. पाकीट मुळात रिकामंच असतं, पत्र आत घालायचंच ती विसरलेली. मग भुकेने तिथेच कोसळते आणि तो तिला फ्राइड राइस करून घालतो. तायगा राहते शेजारच्या आलिशान इमारतीत, एकटी. त्याच इमारतीमुळे ऱ्युजीच्या घरात ऊन येत नाही. विनोद म्हणून पेरलेली ही माहिती पुढे सगळी कामाला येते. दोघांचं नातं डबे, रात्रीची जेवणं आणि घरातली साफसफाई यांतून वाढतं. आपण घरच्यासारखे झालोय हे त्यांना कळायच्या आधी प्रेक्षकाला कळतं. या प्रकारच्या मालिकांत इतकं चोख काम मी फार कमी पाहिलंय.

दुसरी जमेची बाजू म्हणजे संवाद. मनातलं कुणीच सरळ बोलत नाही. नवव्या भागात, आमीच्या बंगल्यावरच्या सहलीत मिनोरी ऱ्युजीला विचारते, भुतांवर विश्वास आहे का? बोलणं भुतांचं, विषय प्रेमाचा. एकोणिसाव्या भागात, नाताळच्या रात्री, ती त्याच भुतांची भाषा वापरून त्याला नकार देते. नववा भाग अर्धवट लक्ष देऊन पाहिलात तर हा प्रसंग निम्माच पोचेल. त्याच्या थोडं आधी तायगा अनवाणी रस्त्यावर धावत येऊन रडते. तिचा आवाज रिए कुगिमिया यांचा आहे, म्हणून जपानी आवाज आणि सबटायटल्स असंच पाहा.

आता उणिवा. मालिका ज्यांवर बेतली त्या दहा कादंबऱ्या पंचवीस भागांत बसवल्यात, आणि शेवटची कादंबरी व शेवटचा भाग दोन्ही 2009 च्या मार्चमधले. घाई दिसणारच. चौदा ते सोळा हे कितामुराचे भाग बघा: त्याचं केस रंगवून बंड करणं अचानक येतं आणि तितक्याच झटपट मिटतं. तायगाची आई कथेत फार उशिरा येते, आणि तरी शेवटचे निर्णय तिच्याभोवती फिरतात. शेवटच्या भागात तायगा जे पाऊल उचलते त्याचं कारण विचार केला तर पटतं, पण मालिका ते पटवून द्यायला वेळच देत नाही. या शेवटावर वाद घालणारे बहुतेक लोक निर्णयावर चिडलेले असतात. माझी तक्रार निव्वळ मिनिटांची आहे, आणखी दोन भाग हवे होते.

सगळ्यात मोठा अन्याय आमीवर झालाय. काय चाललंय हे सगळ्यांच्या आधी तिला कळतं, ती तोंडावर सुनावते, आणि तिचं स्वतःचं प्रेम मात्र लेखक वाऱ्यावर सोडून देतात. दुसऱ्यांदा पाहणार असाल तर फक्त तिच्याकडे लक्ष ठेवून पाहा, वेगळीच मालिका दिसते.

एकूण साधारण दहा तासांचा ऐवज आहे. एकोणीस ते एकवीस हे तीन भाग सलग बघा, मध्ये तोडू नका. 2011 मध्ये डब्यांच्या चढाओढीवरचा एक जादा भाग आला, तो निव्वळ विनोदी आहे. शेवट पाहून झाल्यावर लगेच लावू नका, सगळा मूड जातो.