सासूबाईंना बोट लागते, आणि देवमासे बघायचं बुकिंग झालंय

प्रिय 'मधल्यामधे अडकलेली',

म्हणजे नवऱ्याने कुणालाही न विचारता शनिवारची बोस्टनहून देवमासे बघायची पाच तिकिटं काढली, सासूबाई म्हणतायत "मला बोट लागते गं, तुम्ही जा, मी घरी जप करत बसते", पोरं उड्या मारतायत, आणि तू मनातल्या मनात "मग मी थांबते आईंजवळ" ठरवून मोकळी झालीयस. वर मला विचारतेस की नवऱ्याला वाईट न वाटता कसं सांगू! अगं पण सहा वर्षं इथे राहून एकदाही गेले नाही, हे पत्रात तीनदा लिहिलंयस.

आधी सासूबाईंना चहा करता करता एकटीने विचार, लेकासमोर नको. माझी आई पण अशीच "बोट लागते" म्हणून अडून बसली होती, शेवटी कळलं की बोटीवर टॉयलेट असेल का ही धास्ती होती. असतं, आणि आत बसायला खुर्च्याही असतात.

खरंच लागत असेल तर चेष्टा नको, मी स्वतः भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये दीड तास मान खाली घालून काढलाय. गोळी बोट हलायला लागल्यावर नाही, निघायच्या तासभर आधी घ्यायची. पर्समध्ये भारतातून आणलेली ॲव्होमिन असेलच, पण बीपीची वगैरे औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि झोप येते त्याने हे धरून चाला. उपाशीपोटी अजिबात नको, पण पुरीभाजीही नको, आलेपाकाच्या वड्या जवळ ठेवा. खालच्या डेकवर मधोमध, वारा लागेल तिथे बसवा, नजर लांब क्षितिजावर. आत बसून मोबाईल बघितला की संपलंच.

स्टेलवॅगन बँकला, म्हणजे समुद्रातल्या ज्या उथळ भागात हे देवमासे खायला येतात तिथे, पोचायला तासभर तरी जातो, सगळी ट्रिप साडेतीन-चार तासांची, हे त्यांना आधीच सांग, फसवून नेऊ नकोस. आणि सॉल्टची गोष्ट पण सांग. सॉल्ट ही तिथली हंपबॅक जातीच्या देवमाशाची मादी, पाठीवरच्या पराला मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे व्रण, म्हणून हे नाव. 1970 च्या दशकापासून लोक तिला ओळखतात, हिवाळ्यात कॅरिबियनला जायचं आणि उन्हाळ्यात खायला इकडे परत यायचं, पिल्लं, नातवंडं सगळं झालंय तिचं. शनिवारी तीच दिसेल असं नाही हं. पण शेपटीच्या खालच्या बाजूच्या काळ्या-पांढऱ्या नक्षीवरून बोटीवरचे लोक एकेकीला नावानिशी सांगतात, हे ऐकून माझी आई जप विसरून रेलिंगला जाऊन उभी राहिली होती. अगदी जवळ फवारा उडाला तेव्हा "शी, काय मासळीबाजार!" म्हणाली आणि पुढचा अर्धा तास हलली नाही.

इतकं करूनही त्या नाहीच म्हणाल्या तर आग्रह नको. पण मग घरी तू थांबायचं नाहीस. आई त्याची, बुकिंग त्याने केलं, विचारलं त्याने नाही. आज रात्रीच सरळ सांग, "शनिवारी आईंजवळ तू थांब, मी पोरांना नेते." तोंड पाडेल, पाडू दे, तोवर तू स्वेटर-जॅकेटं काढून ठेव, जुलै असला तरी तिकडे वारा बोचतो.

तुझी ताई