प्रश्न तुमचे : मग नंबर एक नक्की कोण?

भारत-ऑस्ट्रेलिया, भारत-पाकिस्तान आणि क्रमवारी या विषयांवर आलेल्या पत्रांतून निवडलेले पाच प्रश्न.

19 नोव्हेंबर 2023ला अहमदाबादला आपण विश्वचषकाची फायनल हरलो, तरी आयसीसीच्या वनडे क्रमवारीत भारतच पहिला राहिला. माझा मेहुणा म्हणतो, क्रमवारी पैशाच्या जोरावर ठरते. त्याला काय उत्तर द्यावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर कागद-पेन्सिलीने देता येते. संघांच्या क्रमवारीचे गणित डेव्हिड केंडिक्स या विमागणितज्ञाने बांधले आहे आणि त्यात हातचे काही नाही. वनडेत प्रत्येक सामन्याचे गुण प्रतिस्पर्ध्याच्या रेटिंगवरून ठरतात. जिंकलात तर त्याचे रेटिंग अधिक 50, हरलात तर त्याचे रेटिंग उणे 50, टाय झाला तर त्याचे रेटिंग जसेच्या तसे. मग एकूण गुण भागिले सामने, हेच संघाचे रेटिंग.

उदाहरणासाठी गोल आकडे घेऊ. अ संघाचे रेटिंग 120 आणि हिशोबात 40 सामने, म्हणजे खात्यावर 4800 गुण. ब संघ 110 वर. अ जिंकला तर 110+50, म्हणजे 160 गुण. 4960 भागिले 41, साधारण 121. हरला तर 110-50, म्हणजे 60 गुण. 4860 भागिले 41, साधारण 118.5. म्हणजे एका पराभवाची किंमत दीड गुण. आघाडी त्याहून मोठी असेल तर पहिला क्रमांक जात नाही. भारत त्या स्पर्धेत फायनलपूर्वीचे दहाच्या दहा सामने जिंकून आला होता, ते सगळे याच खात्यात जमा झाले होते.

रेटिंगमधले अंतर 40 किंवा जास्त असेल तर नियम बदलतो. तगडा संघ जिंकला तर त्याला स्वतःचे रेटिंग अधिक 10 एवढेच मिळते, हरला तर स्वतःचे रेटिंग उणे 90. दुबळ्या संघांना झोडपून रेटिंग फुगवता येऊ नये म्हणून ही तजवीज.

मेहुण्यांची तक्रार दुसऱ्या बाजूने मात्र रास्त ठरू शकते. या गणितात विश्वचषकाची फायनल आणि मालिका आधीच खिशात टाकल्यानंतरचा पाचवा वनडे यांचे वजन सारखेच आहे. एका धावेने जिंका नाहीतर दहा गडी राखून, गुण तेवढेच. घरच्या मैदानाची वजावटही नाही. क्रमवारी सांगते ती तीन-चार वर्षांतली सरासरी. फायनलच्या दिवशी कोण सरस होते हे तिला विचारायचेच नाही. त्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडच्या 137 धावांनी ते ठरवून टाकले होते.

मे 2020मध्ये कोरोनामुळे क्रिकेट बंद होते. तरी कसोटीत भारत पहिल्यावरून थेट तिसरा झाला. न खेळता घसरण कशी? — एक वाचक, कोल्हापूर

दर मे महिन्यात वही नव्याने मांडली जाते. गेल्या बारा महिन्यांचे सामने पूर्ण वजनाने, त्याआधीच्या दोन वर्षांचे निम्म्या वजनाने, त्याहून जुने बाहेर. मे 2020मध्ये भारताचा 2016-17चा हंगाम बाहेर गेला आणि तोच आपला सोन्याचा हंगाम होता. वेस्ट इंडीज, न्यूझीलंड, इंग्लंड, बांगलादेश, ऑस्ट्रेलिया: पाच मालिका, 12 विजय, एकच पराभव. (तो एक पराभव पुण्याच्या गहुंजेचा. स्टीव्ह ओकीफने 12 बळी घेतले आणि आपण 333 धावांनी हरलो.) एवढी शिल्लक गेल्यावर ऑस्ट्रेलिया 116, न्यूझीलंड 115, भारत 114 असा क्रम लागला. पहिल्या आणि तिसऱ्यात अंतर फक्त दोन गुणांचे, त्यामुळे ‘घसरण’ हा शब्दच तिथे जड आहे.

कसोटीचे गुण मालिकेवर ठरतात, हेही इथेच सांगतो. प्रत्येक विजयाला 1, अनिर्णित सामन्याला अर्धा, मालिका जिंकल्याचा 1 जादा. नोव्हेंबर-डिसेंबर 2009ची श्रीलंका मालिका घ्या. अहमदाबाद अनिर्णित, कानपूर आणि मुंबईत ब्रेबॉर्नवर डावाने विजय. भारताचे साडेतीन, श्रीलंकेचा अर्धा, एकूण 4. समजा दोघांचेही रेटिंग 120 होते. तर भारताला 3.5 × (120+50) अधिक 0.5 × (120-50), म्हणजे 630 गुण. भागिले 4 (तीन सामने अधिक मालिकेचा एक) म्हणजे 157.5. श्रीलंकेच्या वाट्याला याच हिशोबाने 82.5. सेहवागने 293 धावा केल्या तो हाच ब्रेबॉर्नचा सामना, आणि तो जिंकून भारत कसोटीत पहिल्यांदा अव्वल झाला. ऑगस्ट 2011मध्ये इंग्लंडने 4-0 जिंकलेल्या मालिकेत ती जागा घेतली.

न्यूझीलंडने 2024मध्ये आपल्याला घरात 3-0 हरवले नसते तर 2025ची जागतिक कसोटी अजिंक्यपदाची फायनल आपणच खेळलो असतो. आणि दक्षिण आफ्रिका तर इंग्लंड-ऑस्ट्रेलियाशी न खेळताच फायनलला गेली. हा न्याय आहे का? — एक वाचक, पुणे

पहिला भाग आकड्यांत बसत नाही. बंगळूर, पुणे, वानखेडे ही जखम खोल आहे हे मान्य. सलग 18 मालिका घरात जिंकल्यावर 2012नंतरचा तो पहिला मालिका पराभव होता. पण हिशोब पाहा.

विजयाला 12, टायला 6, अनिर्णितला 4 आणि मिळालेल्या गुणांची टक्केवारी. भारत 2023-25च्या त्या पर्वात 19 कसोटी खेळला: 9 विजय, 8 पराभव, 2 अनिर्णित. 108 अधिक 8, म्हणजे 116. सेंच्युरियनला षटके संथ टाकल्याचे 2 गुण कापले. 228 पैकी 114, बरोबर 50 टक्के. आता न्यूझीलंडचे तिन्ही सामने जिंकल्याचे धरा: 36 गुण वाढले, 150, म्हणजे 65.8 टक्के. ऑस्ट्रेलिया 154 गुणांवर 67.5 टक्के. तरीही आफ्रिका पहिली, ऑस्ट्रेलिया दुसरा आणि आपण तिसरे; फायनल पहिल्या दोघांचीच.

खरा घाव ऑस्ट्रेलियातल्या 1-3चा. एकमेकांशी खेळताना हरलेला सामना दुहेरी मारतो: तुमचे 12 जातात आणि शेजाऱ्याला 12 मिळतात. न्यूझीलंडला 3-0 हरवून वर ऑस्ट्रेलियात आणखी एकच हरलेला सामना जिंकला असता, तर भारत 162 आणि ऑस्ट्रेलिया 142 असे चित्र दिसले असते.

षटकांच्या गतीकडे वाचक सहसा बघत नाहीत, म्हणून इथे थांबतो. 2023च्या अॅशेसमध्ये मँचेस्टरला पावसाने ऑस्ट्रेलियाला वाचवले, अनिर्णितचे 4 गुण मिळाले. पण षटके दहा कमी पडली होती. एका षटकाला एक गुण, 10 गुण गेले. वाचवलेल्या सामन्यात सहाचा तोटा! 2019-21च्या पर्वात तर फायनलच गेली. डिसेंबर 2020मध्ये मेलबर्नला, अजिंक्य रहाणेने 112 धावा केल्या त्याच सामन्यात, ऑस्ट्रेलियाची दोन षटके कमी पडली. तेव्हा षटकाला दोन गुण होते, म्हणून 4 गेले. शेवटी ऑस्ट्रेलिया 480पैकी 332, म्हणजे 69.2 टक्के, न्यूझीलंड 600पैकी 420, म्हणजे 70. ते चार गुण असते तर दोघे 70 वर बरोबरीत येऊन ‘प्रतिबळी धावां’च्या (एका बळीमागे केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या) गुणोत्तरावर निकाल लागला असता, आणि त्यात ऑस्ट्रेलिया पुढे होता. न्यूझीलंड गेला आणि साउदम्प्टनहून करंडक घेऊन आला.

दक्षिण आफ्रिकेबद्दलचा तुमचा मुद्दा खरा आहे. प्रत्येक संघ सहाच मालिका खेळतो, त्यामुळे काही जण समोर येतच नाहीत. सामनेही असमान: आफ्रिका 12, भारत आणि ऑस्ट्रेलिया 19. हा या स्पर्धेच्या रचनेतला दोष आहे आणि टक्केवारीने तो झाकला जातो, मिटत नाही. पण आफ्रिकेला मी फुकटचे म्हणणार नाही. न्यूझीलंडला दुय्यम संघ पाठवून दोन्ही कसोटी गमावल्यावर त्यांनी साखळीतल्या शेवटच्या सातही कसोटी जिंकल्या आणि लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध 282चे लक्ष्य पाच गडी राखून गाठले. मार्करमच्या 136 धावा चौथ्या डावातल्या होत्या.

मी म्हणतो वनडे विश्वचषकात भारत-पाकिस्तान 8-0. मित्र म्हणतो, एकूण वनडेत पाकिस्तान पुढे. कोण बरोबर? — एक वाचक, ठाणे

दोघेही बरोबर, आणि दोघेही अर्धेच. 2025च्या चॅम्पियन्स करंडकापर्यंत 136 वनडे झाले: पाकिस्तान 73, भारत 58, पाच निकालाविना. पण हे 73 कधीचे आणि कुठले ते बघा. एकट्या शारजात 24 सामने झाले, पाकिस्तान 18, भारत 6. शारजा बाजूला ठेवले की उरतात 55 आणि 52. एका मैदानाने आणि एका काळाने केवढा फरक पाडला बघा. वासिम अक्रम-वकार युनिसचे रिव्हर्स स्विंग शारजाच्या कोरड्या मैदानावर खेळणे ही आपल्या फलंदाजांची खरी परीक्षा होती, आणि त्यात आपण कमी पडलो हे कबूल करायला हवे.

जून 2013पासून मात्र 12 वनडे झाले. त्यांत भारत 9, पाकिस्तान 2, एक पावसात गेला. आजच्या संघांची तुलना करायची तर हा आकडा घ्या. त्या दोनांतला एक मात्र 2017च्या चॅम्पियन्स करंडकाची फायनल होती, हे मित्र सांगेल आणि त्याने सांगावेच.

कसोटीवर वाद घालू नका. 59 सामने, पाकिस्तान 12, भारत 9, तब्बल 38 अनिर्णित. 1950च्या दशकापासून 1978पर्यंत तर ओळीने 13 कसोट्या अनिर्णित राहिल्या. शेवटची कसोटी डिसेंबर 2007मध्ये बंगळूरला झाली. आजच्या खेळाडूंबद्दल त्यातून काहीही कळत नाही.

आमच्याकडे टेनिस बॉलच्या दहा षटकांच्या स्पर्धेत दोन संघांचे गुण सारखे झाले आणि नेट रनरेटवरून भांडण पेटले. बिनचूक कसा काढायचा? — एक वाचक, कणकवली

वहीत प्रत्येक संघापुढे चार रकाने करा: केलेल्या धावा, खेळलेले चेंडू, दिलेल्या धावा, टाकलेले चेंडू. षटकांत लिहू नका, चेंडूंतच लिहा. शेवटी (केलेल्या धावा ÷ खेळलेले चेंडू × 6) वजा (दिलेल्या धावा ÷ टाकलेले चेंडू × 6).

भांडण बहुतेक सर्वबाद संघावरून झाले असणार. समजा तुमचा संघ 7.3 षटकांत 62 धावांत गुंडाळला गेला आणि समोरच्यांनी 8.2 षटकांत 63 केल्या. सर्वबाद झालात तर पूर्ण कोटा धरायचा, म्हणजे 60 चेंडू: 6.20. समोरच्यांचे खेळलेले 50 चेंडू: 7.56. फरक उणे 1.36. कोणी चुकून खेळलेले 45 चेंडूच धरले तर 8.27 येतात आणि हरलेला संघ अधिक 0.71 घेऊन बसतो! दुसरी चूक म्हणजे मोबाइलवर 8.2 हा दशांश म्हणून टाकणे. 8.2 षटके म्हणजे 8.33. तिसरी, प्रत्येक सामन्याचा रनरेट काढून त्यांची सरासरी घेणे. आधी साऱ्या सामन्यांची बेरीज, भागाकार एकदाच. पावसाने रद्द झालेला सामना वहीत घ्यायचाच नाही.

2019च्या विश्वचषकात पाकिस्तान आणि न्यूझीलंड दोघांचे 11 गुण आणि पाच-पाच विजय झाले. पाकिस्तानने साखळीत न्यूझीलंडला हरवले होते, तरी बाहेर गेला. पहिल्याच सामन्यात वेस्ट इंडीजविरुद्ध ते 21.4 षटकांत 105 धावांत बाद झाले. हिशोबात पूर्ण 50 षटके धरून 2.10. विंडीजने 13.4 षटकांत, म्हणजे 82 चेंडूंत, 108 केल्या: 7.90. हा खड्डा पुढच्या विजयांनी भरला नाही आणि शेवटी न्यूझीलंड अधिक 0.175, पाकिस्तान उणे 0.430.

गुण सारखे झाले तर आधी आपसांतला सामना बघायचा की नेट रनरेट, हे पहिला चेंडू पडण्याआधी नियमपत्रकात लिहा आणि सगळ्या कर्णधारांच्या सह्या घ्या.