काळ्या मातीतली सायकल शर्यत: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी आमच्याकडच्या माउंटन बाइक शर्यतीबद्दल लिहिलं होतं. अचलपूर तालुक्यातल्या पांदणी, कालव्याचा काठ आणि सातपुड्याच्या पायथ्याचं बरड असे ३२ किलोमीटर. त्यावर बरीच पत्रं आली. मी काही प्रशिक्षक नाही. माझी संत्र्याची बाग आहे आणि संध्याकाळी घराच्या ओसरीवर सायकली दुरुस्त करतो. ही शर्यत सहा वेळा पूर्ण केली, गेली दोन वर्षं तिचा मार्ग आखायला असतो. जे केलं, पाहिलं, त्यातूनच उत्तरं देतोय.

दर्यापूरहून एक वाचक, वय २४: दादा, माझी गिअरची सायकल चौदा हजारांची. नागपूर-अमरावतीहून आलेल्यांच्या सायकली लाखाच्या पुढे. पहिले पाच किलोमीटर मी पहिल्या दहात होतो. बरडाचा चढ लागला अन् पाय संपले. बाविसाव्या किलोमीटरला मांडीत असे गोळे आले का खाली बसावं लागलं. त्रेचाळिसावा आलो. कर्ज काढून भारी सायकल घेऊ का?

नका घेऊ. कर्ज तर मुळीच काढू नका. तुमचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे: पहिले पाच किलोमीटर पहिल्या दहात.

ही चूक माझ्याकडूनही झाली आहे, म्हणून नीट सांगतो. आमच्या शर्यतीत शिट्टी वाजल्यावर चारशे मीटरवर पांदण लागते. पांदण म्हणजे एका बैलगाडीची वाट, दोन्हीकडे धुरे, म्हणजे शेतांचे बांध, धुऱ्यावर बाभळी. मध्ये दोन चाकोऱ्या आणि त्यांच्यामधे गवताचा उंचवटा. तिथे एकदा मागे अडकलात, तर पुढच्याची धूळ खात दोन किलोमीटर जावं लागतं. त्यामुळे सुरुवातीला सगळे जीव तोडून पळतात, आणि ते एका अर्थाने बरोबरही आहे. चारशे मीटर पळा, जागा घ्या. पण पांदणीत शिरल्याबरोबर श्वास खाली आणा. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. माझ्या पहिल्या शर्यतीत मी तसाच दामटत राहिलो. चढाच्या मध्यावर डोळ्यांपुढे पांढरं झालं, सायकल धुऱ्याला टेकवून दहा मिनिटं बसलो. सहाव्या वर्षी त्याच चढाला मी सगळ्यात हलक्या गिअरवर, चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जोरात गेलो आणि वरच्या टोकापर्यंत अकरा जण मागे टाकले. ते सगळे खाली माझ्या पुढे होते.

आता सायकलीचं. तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाही, चढावर भारी सायकलीला फायदा असतोच. तो कुठून येतो ते बघा. तुमच्या सायकलीला पुढे सगळ्यात लहान चक्री २४ दात्यांची आणि मागे सगळ्यात मोठी २८ ची असणार. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक ०.८६ फेरे फिरतं. लाखाच्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ५१ दाते असतील, तर चाक ०.६३ फेरेच फिरतं. पाय तितका हलका पडतो. यावर उपाय कर्जाचा नाही, मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्र्यांचा जुडगा, बदलण्याचा आहे. सात गिअरचं १४-३४ चं फ्रीव्हील मिळतं. २४ ला ३४ लावलं की ०.७१ झालं. तुमचं मागचं डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग, ३४ दात्यांना पोचतं का ते मिस्त्रीकडून आधी बघून घ्या, चेनही बहुधा थोडी लांब लागेल. बस, एवढंच.

दुसरी गोष्ट हवेची. पंपावर लोक पन्नास-साठ पौंड हवा ठासून भरतात आणि मग बरडावरच्या गोट्यांवर सायकल उडते, चाक पकड सोडतं. २.१ इंची टायर, आत ट्यूब, वजन साठ-पासष्ट किलो असेल तर पुढे २८ आणि मागे ३२ पौंड बघा. याहून फार खाली जाऊ नका. दगडावर आदळून ट्यूब रिमला चिमटली, की शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी.

एक सांगतो, हा खेळ सुरूच जुन्या सायकलींवर झाला. २१ ऑक्टोबर १९७६ ला कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही पोरांनी डोंगरउतारावर पहिली रीपॅक शर्यत लावली. सायकली तीस-चाळीस वर्षं जुन्या, जाड टायरच्या, मागच्या चाकात पायडल उलटं दाबून लागणारा ब्रेक. उतार संपेपर्यंत त्या ब्रेकमधलं ग्रीस तापून धूर होऊन जायचं आणि हब उघडून पुन्हा भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीला रीपॅक, म्हणजे पुन्हा भरणं, हे नाव पडलं.

मांडीतल्या गोळ्यांचं मुख्य कारण म्हणजे सवयीपेक्षा जास्त ओढलेला स्नायू. तुम्ही सपाट खारपाणपट्ट्यातले, तिथे चढ मिळणार कुठून? पंधरवड्यातून एकदा परतवाड्याला या आणि चिखलदऱ्याचा घाट चढा. तीसेक किलोमीटर आहे, चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर. पहिल्या खेपेला अर्ध्यातून परत फिरलात तरी चालेल. मधल्या दिवसांत उलट्या वाऱ्यात चालवा, सपाटीवरचा चढ तोच. शर्यतीत पाऊण तास झाला की भूक नसली तरी अर्धं केळ किंवा गूळ-शेंगदाण्याचा लाडू खा. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत मीठ-साखरेचं: एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

मोर्शीहून: दोन शर्यतींत मिळून पाच पंक्चर. काटा काढला, ट्यूब बदलली, तरी दहा मिनिटांत पुन्हा हवा गेली. असं काहून होते?

काटा निघालाच नव्हता. बाभळीचा काटा टायरमध्ये शिरला की बाहेरचं बूड मोडून पडतं आणि टोक रबरात राहतं. बाहेरून काही दिसत नाही. आतून बोट फिरवलं तर बोट फाटतं, आणि ते टोक इतकं बारीक असतं की पुष्कळदा बोटालाही लागत नाही. आपल्या भागात यावर फुकटचा उपाय आहे. खिशात कापसाचं एक बोंड ठेवा. त्याचा पुंजका घेऊन टायरच्या आतून सावकाश पूर्ण गोल फिरवा. काटा असेल तिथे कापसाचे धागे अडकतात आणि पांढरी शेंडी उभी राहते. टायर तिथे बाहेरच्या बाजूने दुमडा, टोक वर येतं, नखाने किंवा चिमट्याने ओढा. माझी एकदा एका टायरमधून चार टोकं निघाली होती, त्यातली तीन मला माहीतच नव्हती.

गोखरूचं वेगळं. तो दिसतो, पण एकाच वेळी सात-आठ चिकटतात. पांदणीत गवताच्या उंचवट्यावरून चालवू नका, चाकोरीतच राहा. आणि चाकोरी बदलायची असेल तर हँडल हळूच वळवून बदलता येत नाही, पुढचं चाक कडेला घासून माणूस पडतोच. वेग कमी करा, पुढचं चाक उचला आणि मग पलीकडे जा. परवडत असेल तर ट्यूबलेस करून आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा चिकट द्रव, भरा, बारीक काट्यांची भोकं तिथल्या तिथे बुजतात.

चिखलदरा तालुक्यातून एक आई, अंगणवाडी सेविका: माझी मुलगी अकरावीत आहे. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलने रोज कॉलेजला जाते. तिला तुमच्या शर्यतीत यायचं म्हणते. घरचे नाही म्हणतात. पोरींचं काम आहे का, पडली तर, पाळी आली तर, असं सगळं. मला तिला पाठवायचं आहे, पण भीतीही वाटते. काय करू?

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पाठवा.

माउंटन बाइकिंग ऑलिंपिकमध्ये १९९६ ला आलं, अटलांटाला. पुरुषांची आणि बायकांची शर्यत एकाच वर्षी सुरू झाली. बायकांचं पहिलं सुवर्ण इटलीच्या पाओला पेझ्झोने घेतलं आणि २००० साली सिडनीलाही तिनेच घेतलं. घरच्यांना हे सांगा. या खेळात मुली मागाहून आलेल्या नाहीत. आमच्या शर्यतीत मात्र पहिल्या वर्षी एकच मुलगी होती, यंदा सात होत्या. सात ही फार थोडी संख्या आहे आणि त्यात आमच्या मार्ग आखणाऱ्यांचाही दोष आहे. पहिली काही वर्षं आम्ही सुरुवातीच्या जागेजवळ मुलींसाठी धड आडोसादेखील केला नव्हता. आता शाळेची खोली उघडून घेतो.

शाळेच्या बिनगिअरच्या सायकलीवर १२ किलोमीटरचा छोटा गट होतो, तिने तोच धरावा. सीट वर करा. टाच पायडलवर ठेवून पाय खाली सरळ झाला पाहिजे. मुलींच्या सायकलींच्या सीट मी बघतो त्या बहुतेक फार खाली असतात, त्यामुळे गुडघे दुखतात आणि घरच्यांना वाटतं की मुलीला झेपत नाही. सलवार घातली तर उजव्या पायाची मोहोरी रबराने बांधा, चेनमध्ये जाते. ओढणी नको. हेल्मेट पाहिजेच, आमच्याकडे चार जादा असतात, आधी कळवा. पाळीचं म्हणाल तर बऱ्याच मुली त्या दिवशीही चालवतात, काही नाही चालवत. ज्या दिवशी दुखतंय त्या दिवशी थांबायचं की नाही, हे तिचं तिला ठरवू द्या.

खरी भीती मला शर्यतीची नाही, सरावाची वाटते. उजाडायच्या आत तिने निघू नये. रोही, म्हणजे नीलगाय, धुऱ्यावरून उडी मारून थेट रस्त्यावर येतो, एकामागे दुसरा येतोच, म्हणून पहिला गेला तरी थांबायचं. तुमच्याकडे अस्वलाचाही वावर आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत तर सायकल घालायचीच नाही. आणि शेतांच्या तारा! रानडुकरांसाठी लोक झटका मशीन लावतात, संध्याकाळी चालू करतात आणि सकाळी उशिरापर्यंत बंद करायचं राहून जातं. झटका मशीनने माणूस हबकतो, सहसा मरत नाही, पण काही जण तारेत सरळ लाइनचा करंट सोडतात, तो जीवघेणा आहे. कुठल्याही तारेला सायकल टेकवायची नाही, तारेजवळ पडली तर तारेला धरून उठायचं नाही, हे तिच्याकडून पाठ करून घ्या. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मार्गावरच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी जाऊन मशीन बंद ठेवायला सांगतो आणि सकाळी खुणेची चुन्याची फक्की टाकत जाताना पुन्हा बघतो. घरच्यांपैकी कोणाला सोबत यायचं असेल तर पाणी वाटपाच्या टेबलावर त्यांना उभं करू. मागच्या वर्षी एक वडील असेच नाराजीने आले होते. मुलगी समोरून गेली तेव्हा ग्लास हातात तसाच धरून ते तिच्यामागे दोन धुरे पळाले.

पुसदहून: शर्यतीच्या आदल्या रात्री अवकाळी आला तर काळ्या मातीत चालवायचं कसं?

चालवायचं नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला थरावर थर बसतात. पन्नास मीटरमध्ये चाक फ्रेमला घासून जाम होतं, आणि तसंच रेटलं तर डिरेलर जिला अडकवलेलं असतं ती पट्टी, म्हणजे हँगर, मोडते. खांद्यावर घ्या आणि गवताच्या कडेने चाला. माती काढायला पऱ्हाटीची एक काडी जवळ ठेवा. खरं तर अशा वेळी शर्यत आठ दिवस पुढे ढकलावी, नाहीतर ती पांदण शेतकऱ्याला महिनाभर वापरता येत नाही.

वरुडहून, एसटीतून निवृत्त चालक, वय ५९: दुसरीकडच्या एका शर्यतीत गेलो होतो. चार तास दहा मिनिटांनी पोचलो, शेवटचा. तोवर कमान उतरवली होती, घड्याळ नव्हतं, पाणी संपलेलं. एक चहावाला तेवढा होता. मेडल घरी पाठवतो म्हणाले, अजून आलं नाही. उतारावर मागचा ब्रेक किंचाळत होता, म्हणून सगळा उतार पायी उतरलो, त्यात वेळ गेला. आता या वयात पुन्हा यावं का?

काका, तुमचं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. वेळेची मर्यादा ठेवायची असेल तर ती सकाळी सगळ्यांसमोर सांगावी. नाही सांगितली, तर शेवटचा माणूस येईपर्यंत कमान उभी पाहिजे. पैसे त्यानेही तेवढेच भरलेले असतात.

दोन वर्षांपासून मी आमच्या शर्यतीत सगळ्यांच्या मागून जातो. शेवटच्या स्वाराच्या मागे राहायचं, खुणांच्या पट्ट्या गोळा करत यायचं आणि त्याच्या पुढे जायचं नाही, एवढं माझं काम. पुढे होतो तेव्हा मला पुढच्याचं मागचं चाक तेवढं दिसायचं. मागून जाताना कळलं, बरडाच्या चढावर सायकल हातात घेऊन चालणारी माणसंच जास्त असतात. ती एकमेकांना पाणी देतात, कोणाची चेन उतरली तर तिघं थांबतात. यंदा शेवटचे दोघे तीन तास पन्नास मिनिटांनी आले. कमान होती, घड्याळ चालू होतं, पोहे-तर्री गरम होती.

जानेवारीत या. उतार पायी उतरलात ते बरोबरच केलंत. किंचाळणारा ब्रेक म्हणजे बहुधा एकतर पॅड संपून पत्रा डिस्कला घासतोय किंवा डिस्कला चेनचं तेल लागलंय. पॅड संपले असतील तर तसेच चालवू नका, डिस्क कापली जाते. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचलात तर ओसरीवर सायकल उलटी करू आणि बघू, पॅडचा एक जोड मी आणून ठेवतो. तुमची डिस्क कोणत्या मापाची आहे आणि पॅडचा आकार कसा आहे, ते तेवढं जुना पॅड कागदावर ठेवून पेन्सिलने गिरवून पाठवा.