देवाची भीती नसेल तर चांगलं का वागायचं?

प्रश्न : बाई, नमस्कार. आमचा मुलगा कॉलेजात आहे. यंदा चवथीला गणपतीवरची फळा-पानांची माटोळी त्यानेच बांधली, पण आरतीला उभा राहिला नाही. 'मी देव मानत नाही आणि चांगलं वागायला मला देव लागतही नाही. बरं-वाईट माणूस अनुभवाने शिकतो,' असं सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला. सासूबाईंना फार लागलं. त्या म्हणतात, 'देवाची भीती गेली की माणसाला धरबंद राहत नाही.' दोघांच्या मधे मी सापडले आहे. खरं कोणाचं? आणि धाकटी आठवीत आहे, तिला मी काय शिकवू?
– एक आई, डिचोली

उत्तर : ताई, माझं मत आधी सांगते, कारणं मागाहून. बरं-वाईट माणसं एकमेकांसोबत राहून, एकमेकांपायी सोसून शिकली, असं मला मनापासून वाटतं. त्यामुळे मी तुमच्या मुलाच्या जवळ आहे. पण त्याचं म्हणणं अर्धंच आहे. अनुभव चोरालाही असतो आणि चोरीत फायदा आहे, हेच तो त्याला शिकवतो. तेव्हा कोणाचा अनुभव, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

माझं माहेर झुआरीकाठचं, खाजन शेतीचं. भरतीचं पाणी जिथवर चढतं त्याच्या खाली आमची शेतं, मधे मातीचा बांध आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याची दारं असलेली वाट. मानशीची लाकडी दारं भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. पावसाळ्यात तिथे कोरगुट भात पिकायचं. मानशीवर मासे धरायचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात जायचा. ज्याने पावणी घेतली त्याचा अनुभव असा, की भरतीच्या वेळी दार अडकवून उघडं ठेवलं तर सुंगटं, म्हणजे कोळंबी, जास्त मिळतात. सगळ्यांत सखल तुकडा कसणाऱ्या बाईचा अनुभव असा, की खारं पाणी एकदा आत शिरलं की रोप जळतं आणि पावसाने मीठ धुवून निघेपर्यंत ती जमीन पीक धरत नाही. दोन्ही अनुभव खरेच होते. भरतीला दाराला हात लावायचा नाही, हा नियम मात्र दुसऱ्या अनुभवातून आला. तो टिकला, कारण दोघं एकाच गावात राहत होती आणि तिची ओरड त्याला ऐकावी लागत होती. एका वर्षी कोणी ऐकलं नाही. दार उघडं राहून राहून बाजूचा बांध खचला आणि पाणी पावणीवाल्याच्या सख्ख्या भावाच्या शेतातही शिरलं. पुढे मानशीवर लक्ष ठेवायला माणूस नेमला.

त्याच मानशीपाशी राखणदारही होता, जागेची राखण करणारा देव. पेरणीआधी त्याला नारळ ठेवायचे, गाऱ्हाणं घालायचे. माझे वडील हे अगदी श्रद्धेने करत. पण दाराचा नियम राखणदाराने घालून दिला, असं गावात कोणी म्हणत नसे. नियम माणसांनी केलेला. काळोखात बांधावर कोणी नसतानाही तो पाळला जावा, म्हणून राखणदाराला साक्षी ठेवलेलं. वाद पेटला की लोक देवळात जाऊन प्रमाण करत, म्हणजे देवाची शपथ घेत, तेही यासाठीच. भांडणातलं न्याय्य काय ते पंच ठरवत, खोटं बोलायला मात्र देवासमोर जीभ उचलत नसे. तुमच्या सासूबाई जिला देवाची भीती म्हणतात, तिची जागा मला इथे दिसते. ती जागा लहान नाही. तुमच्या मुलाने ती रिकामी केली असेल, तर कोणी बघत नसताना आपल्याला काय धरून ठेवणार आहे, याचं उत्तर त्याने स्वतःपाशी तयार ठेवायला हवं.

पण भीती म्हणजे मूळ नव्हे. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराला न्यायला इंद्र रथ घेऊन येतो आणि सांगतो, कुत्र्याला सोड आणि चल. युधिष्ठिर नाही म्हणतो. आसऱ्याला आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग त्याला नको असतो. सासूबाई म्हणतील, अगो, तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता. होता, पण नकार देताना युधिष्ठिराला ते ठाऊक नव्हतं. त्याच्यासमोर एका बाजूला देवांचा राजा होता आणि दुसऱ्या बाजूला वाटभर सोबत चाललेलं एक मुकं जनावर. आपण ही गोष्ट पोरांना सांगतो तेव्हा युधिष्ठिराचंच बरोबर होतं असं सांगतो. देवाची आज्ञासुद्धा पारखून बघायचं माप आपल्यापाशी आधीच आहे, म्हणून तर हे सांगता येतं. देवांना आवडतं म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवांना आवडतं, असं सॉक्रेटिसाने अथेन्समध्ये विचारलं होतं. त्यालाही हेच टोचत असणार.

आणि आपल्या गोव्यात तर हे माप पुन्हा पुन्हा हातात घ्यावं लागलं आहे. १५६० साली इथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आलं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत राहिलं. ते चालवणारे नास्तिक नव्हते. त्यांना देवाची भीती पुरेपूर होती, आणि त्यांच्या हाताखाली भरडले गेले त्यांत बहुतेक नव्याने ख्रिस्ती झालेलीच माणसं होती, जुन्या चालीरीती सोडवेनात म्हणून. आपल्या बाजूचंही सांगायला हवं. आपल्या देवळांच्या आधाराने शेंसविधी चालत असे. लहान मुलीला देवाच्या नावाने बांधून टाकायचं आणि पुढे तिचं आयुष्य इतरांनी ठरवायचं. हे करणारे महाजन, म्हणजे देवळांचे कारभारी, सोवळ्यात पूजा करत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजाराम पैंगीणकर या विधीविरुद्ध उभे राहिले. ते या मुलींच्याच समाजातले. ज्या घरांतल्या मुलींवर हा विधी होत होता, त्या घरांतलं दुःख त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. देव तोच होता, देऊळ तेच होतं. ज्याला लागत होतं तो बोलला, एवढाच फरक पडला.

एक प्रयोग मला इथे आठवतो. २००३ साली सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांनी कपुचिन माकडांवर केलेला. एकाच कामाबद्दल एका माकडाला काकडी दिली आणि शेजारच्याला द्राक्ष, तेव्हा काकडीवालं माकड पुष्कळदा काम करायचं तरी थांबायचं, नाहीतर काकडी घ्यायचंच नाही. अन्यायाची कळ आपल्यात फार जुनी आहे, असं यावरून वाटतं. पण द्राक्ष मिळालेलं माकड तक्रार करत नव्हतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्याच्या हातात द्राक्ष आहे त्यानेही बोलावं, हे माणसाने पुढे कष्टाने शिकायचं आहे. काहींना ते कीर्तनातून मिळतं, काहींना चर्चमधल्या प्रवचनातून, काहींना आईकडून. देवावर प्रेम करणारी, त्या प्रेमापायी दुसऱ्यासाठी झिजलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांची श्रद्धा कोणी मोडू नये.

आता तुमच्या घराचं. मुलाला आरतीला उभं राहायची सक्ती करू नका. पण पाहुण्यांसमोर आजीला दुखावलं, त्याबद्दल त्याने तिच्याशी एकट्याने बसून बोलायला हवं. बरं-वाईट अनुभवाने कळतं म्हणतो ना, मग आजीने देवावर भार टाकून कोणकोणते दिवस काढले, तेही त्याने तिच्याकडून ऐकावं. सासूबाईंना सांगा, नातवाने माटोळी बांधली ती कोणाच्या भीतीने नव्हे.

धाकटीला देवाचं सांगा, स्तोत्रं शिकवा, तुम्हाला मनापासून वाटतं ते सगळं द्या. सोबत तिला एक सवय लावा. घरात काही ठरलं की त्याचा त्रास कोणाला होणार, हे तिने त्या माणसालाच जाऊन विचारायचं. चवथीला तुमच्याकडे भांडी घासायला कोणी बाई येत असेल, तर तिच्याही घरी गणपती असतो का आणि ती त्या दिवशी घरी कधी पोचते, हे धाकटीने तिलाच विचारावं. मग पुढच्या वर्षी सुट्टी कशी द्यायची, ते तुम्ही तिघींनी बसून ठरवा.