अंतिम परीक्षेच्या गुणांवर जाऊ नका

प्रश्न असा आहे की, सिम्युलेटरवरच्या अंतिम परीक्षेत सगळे उत्तीर्ण होत असतील, तर लष्करी ड्रोन वैमानिकांचं प्रशिक्षण चांगलं आहे असं म्हणता येईल का?

माझ्या मते नाही. परीक्षेला माणूस ताजातवाना बसतो आणि काहीतरी बिघडवणार आहेत हे त्याला माहीत असतं. खऱ्या पाळीत मात्र तासन्‌तास काहीच घडत नाही. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थच्या १९४८ सालच्या प्रयोगात घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा मधूनच दुप्पट उडी मारे, ती टिपायची होती; पहिल्या अर्ध्या तासातच निरीक्षकांच्या नजरेतून अशा उड्या निसटू लागल्या होत्या. म्हणून बिघाड द्यायचा तो पाचव्या-सहाव्या तासाला, न सांगता.

उड्डाणाच्या तासांवरही फार विसंबू नका. २५ एप्रिल २००६ ला अमेरिकेतल्या ॲरिझोनात नोगालेसजवळ प्रिडेटर-बी हे ड्रोन कोसळलं. ते सीमा गस्तीचं होतं, लष्करी नव्हे, पण धडा इथेही लागू पडतो. वैमानिकाचा कन्सोल (जमिनीवरून ड्रोन चालवायचं नियंत्रण-टेबल) अडकला म्हणून त्याने ताबा शेजारच्या कॅमेरावाल्या कन्सोलवर घेतला. तिथला दांडा कॅमेऱ्यासाठी जिथे ठेवला होता, ती जागा उड्डाणाच्या ताब्यात ‘इंधन बंद’ची होती. इंजिन थांबलं. ताबा बदलताना चेकलिस्ट वापरलीच नव्हती. या वैमानिकाचे प्रिडेटर-ए वर ५१९ तास झाले होते, प्रिडेटर-बी वर फक्त २७. त्याच्या प्रशिक्षणाचं मूल्यमापन करताना मी एवढंच पाहिलं असतं: कन्सोल अडकल्यावर हात आधी कुठे जातो, दांड्याकडे की चेकलिस्टकडे?

सिम्युलेटरचा उपयोग मोजायची जुनी रीत सोपी आहे. सिम्युलेटरशिवाय एखादं कौशल्य यायला उड्डाणाचे १० तास लागतात, आणि सिम्युलेटरवर ८ तास दिल्यावर ६, तर ८ तासांनी ४ वाचवले, म्हणजे गुणोत्तर ०.५. सिम्युलेटरचे तास वाढवत गेलं की ते घसरत जातं. ड्रोनमध्ये एक फसगत होते (मीही यात फसलो आहे): सिम्युलेटर आणि जमिनीवरची खरी नियंत्रण केबिन दिसायला जवळजवळ सारखीच, त्यामुळे शिकलेलं आपोआप कामी येईल असं वाटतं. उपग्रहामुळे होणारा विलंब आणि तुटणारा संपर्क सिम्युलेटरमध्ये घातला आहे का, हे आधी विचारा.

आणि मुळात ठरलेलं प्रशिक्षण पूर्ण झालं का, तेही तपासा. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०१५ मध्ये हवाई दलाच्या ७ तुकड्यांच्या नोंदी पाहिल्या. सर्व नेमून दिलेल्या मोहिमांचं प्रशिक्षण पुरं केलेले वैमानिक सरासरी ३५ टक्के निघाले. सात तुकड्यांवरून अख्ख्या दलाबद्दल बोलता येत नाही, हे त्या संस्थेनेही मान्य केलं आहे. पण बाकीच्यांचे अंतिम परीक्षेचे गुण घेऊन तुम्ही नेमकं काय मोजणार?