गाडीची विचारपूस : छतातला दिवा आणि घाटात सुटणारा क्लच

प्रश्न : जुनी मारुती ८०० आहे. दार उघडल्यावर छतातला दिवा लागत नाही, बटणाने मात्र लागतो. परवा उलटंच झालं. दारं बंद असूनही तो रात्रभर जळला आणि सकाळी बॅटरी उतरलेली. – एक वाचक, कराड

बटणाने दिवा लागतो, म्हणजे बल्ब आणि फ्यूज ठीक आहेत. ते बदलत बसू नका. दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणच्या आहेत. दाराच्या खांबावर रबरी टोपीखाली दाबली जाणारी पिन असते, तो डोअर स्विच. दिव्याला प्लस कायम मिळत असतो. दार उघडलं की पिन बाहेर येते आणि स्विचच्या स्क्रूमधून बॉडीचा मायनस जोडते. टोपी फाटून पाणी शिरलं की स्क्रूखाली गंज धरतो आणि दिवा लागत नाही. पिन आत अडकली तरी तेच. बाहेर अडकली, तर दार लावूनही दिवा विझत नाही.

स्क्रू काढून स्विच बाहेर ओढा. वायरला आधी चिकटपट्टी लावून ठेवा, नाहीतर ती खांबात आत जाते आणि मग अस्तर सोडावं लागतं. दिव्याचं बटण मधल्या, म्हणजे दाराच्या, खुणेवर ठेवून वायरचं टोक बॉडीच्या उघड्या पत्र्याला टेकवा. दिवा लागला तर दोष स्विचचा किंवा स्क्रूखालच्या गंजाचा. पॉलिश पेपरने पत्रा घासा, पिन अडकत असेल तर स्विच नवाच टाका. सगळ्या दारांचे तपासा. एक अडकला तरी दिवा जळतच राहतो.

१० वॅटचा बल्ब सुमारे ०.८ अँपिअर ओढतो. १२ तासांत १० अँपिअर-तास गेले, की ३५ अँपिअर-तासांची थकलेली बॅटरी स्टार्टर फिरवत नाही.

प्रश्न : यवतेश्वरचा घाट चढताना इंजिन ओरडतं, वेग वाढत नाही, जळका वास येतो. मेकॅनिक क्लचचा पूर्ण सेट बदला म्हणतो. – एक वाचक, सातारा

म्हणतो ते बहुधा बरोबर आहे, पण गिअरबॉक्स उतरवण्याआधी पेडल बघा. केबलच्या क्लचमध्ये पेडल बोटाने दाबल्यावर सुरुवातीला साधारण २ सेंटिमीटर ते हलकं जायला हवं. हा प्ले उरला नसेल, तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) सतत दाबलेलं राहतं आणि चांगली क्लच प्लेटही पकड सोडून सरकते. प्लेट झिजते तसा प्ले कमी होत जातो, म्हणून तो अधूनमधून बघायलाच हवा. गिअरबॉक्सवरच्या लिव्हरजवळ केबलचा नट सैल करून तो वाढवता येतो. नट आधीच आट्यांच्या टोकाला आला असेल, तर प्लेट संपली.

प्ले ठीक असूनही क्लच सुटत असेल, तर सपाट जागी हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, गाडीसमोर कुणी नको. चौथा गिअर टाकून थोडा रेस देत क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर पकड शाबूत. फिरत राहिलं तर नाही. एकदाच करा, पुन्हापुन्हा केलं तर उरलेली प्लेटही जळेल.

खोललंच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. मजुरी भागांइतकीच बोचते, आणि ती दोनदा देण्यात अर्थ नाही. प्लेटवर तेल दिसलं तर आधी गळतीचं मूळ शोधा : क्रँकचं मागचं ऑइल सील की गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये नेणारा दांडा). ते न बदलता टाकलेली नवी प्लेट परत भिजते. फ्लायव्हीलवर (इंजिनाची जड चकती, जिला प्लेट दाबून बसते) निळे डाग किंवा चिरा असतील, तर लेथवर मारून घेण्याजोगं आहे का विचारा. केबलची तार सुटायला लागली असेल तर तीही आत्ताच बदला.

ऊस हंगामात ट्रॉल्यांच्या मागे अर्ध्या क्लचवर रांगणं प्लेटला सगळ्यात महागात पडतं. चढावर थांबलात तर हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रल करा आणि पाय क्लचवरून काढा.

प्रश्न : न्यूट्रलमध्ये घरघर येते, क्लच दाबला की थांबते. बेअरिंग गेलं का? – एक वाचक, मिरज

रिलीज बेअरिंग नव्हे. ते क्लच दाबल्यावर वाजतं. दाबल्यावर थांबतो तो आवाज बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. आधी गिअर ऑइलची पातळी बघा.