फायनल फँटसी १४ या ऑनलाइन गेममध्ये टँक (शत्रूंचा मार स्वतःवर ओढून घेणारा) शिकतोय. मॉब (साधे शत्रू) हीलरकडे (पार्टीला बरं करणाऱ्याकडे) पळतात, मग मीही मरतो. काय चुकतंय?

चिकोडीहून खेळताय, ग्लॅडिएटर हा टँकचा क्लास १६ व्या लेव्हलला आहे, सास्ताशा या डन्जनमध्ये दोनदा अख्खी पार्टी मेली, रॅम्पार्ट (मार कमी करणारं बटण) वापरूनही टिकत नाही आणि मधेच लाईट जाते, एवढं तुम्ही प्रश्नात दिलंय. त्यावरूनच सांगतो.

सगळ्यात आधी आयर्न विल, म्हणजे शत्रूंचं लक्ष तुमच्यावर खेचून ठेवणारी क्षमता, चालू आहे का ते बघा. १० व्या लेव्हलला मिळते, पण आपण दाबल्याशिवाय चालू होत नाही, आणि क्लास बदलून परत आलात की पुन्हा लावावी लागते. ती नसेल तर तुम्ही टँक नाही, जाड चिलखतातले डीपीएस (नुसता मार देणारे) आहात. हीलरनं एक हील टाकली की मॉब तिकडं वळणारच. आत शिरल्यावर तुमच्या बफच्या (तुमच्यावर चालू असलेल्या परिणामांच्या) ओळीत तिचं चिन्ह दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर पुढं पाऊल टाकू नका.

ती चालू असूनही मॉब पळत असतील, तर तुम्ही एकालाच बडवत बसलाय. फास्ट ब्लेड, रायट ब्लेड हे एकावरचे वार छान चाललेत, पण बाकीच्या तिघांना तुमचा हातसुद्धा लागलेला नाही. ६ व्या लेव्हलला टोटल इक्लिप्स मिळालंय ना, ते वापरा. त्याला टार्गेट लागत नाही, तुमच्याभोवती गोल फिरून जवळच्या सगळ्यांना लागतं. आणि डोळे मॉबच्या अंगावर ठेवण्यापेक्षा स्क्रीनवरच्या शत्रूंच्या यादीवर ठेवा. प्रत्येक नावाशेजारी एक खूण असते: लाल चौकोन म्हणजे तो तुमच्यावर आहे, नारिंगी किंवा पिवळी म्हणजे निसटायच्या बेतात, हिरवी म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या मागे लागलाय. टँकला सगळी यादी लाल हवी. हीलर ओरडायच्या आधी ही यादी सांगते.

आता एक पुल, म्हणजे घोळका अंगावर ओढून घेणं, सावकाश करून बघू. पहिल्या घोळक्याकडे पळत जा आणि जाताजाताच लांबून शील्ड लॉब मारा (१५ व्या लेव्हलला मिळतं). घोळक्याच्या कडेला थांबू नका, मधोमध शिरा आणि एक टोटल इक्लिप्स. पुढचा घोळकाही घ्यायचा असेल तर तसेच पुढं चला, तिथं पोचून पुन्हा एक. मग थांबा, आणि थांबल्यावर लगेच आणखी दोन. ते दोन फटके बसेपर्यंत मधे खंड पडू देऊ नका. नवखे टँक इथंच गडबडतात, थांबल्यावर आधी एकाला निवडायला जातात. लांबून बाण किंवा जादू मारणारे मॉब जवळ येत नाहीत, ते तिथंच उभे राहून मारतात. ते दिसले तर बाकीच्यांना ओढत त्यांच्याजवळ नेऊन उभे राहा, म्हणजे सगळे एका ढिगात येतात आणि डीपीएसचे घोळक्यावरचे फटके सगळ्यांना लागतात. पळताना मागं वळून हीलर येतोय का ते एकदा बघा. तो कोपऱ्यापलीकडे राहिला तर भिंतीतून हील लागत नाही.

एखादा निसटलाच तर प्रोव्होक, त्यानं शत्रूचं लक्ष परत तुमच्याकडे येतं. तोही १५ व्या लेव्हलचा, लांबून चालतो, पण एका वेळी एकालाच, आणि ३० सेकंदांनी परत मिळतो. प्रोव्होक मारून गप्प बसलात तर तो पुन्हा जाईल. लगेच त्याला एक फटका हवाच. तीन-चार निसटले असतील तर प्रोव्होकच्या नादी लागू नका, तिकडं पळा आणि टोटल इक्लिप्स मारा.

रॅम्पार्ट वापरूनही मरतो म्हणताय, तर तो कधी दाबताय ते बघा. बहुतेक जण रक्त पाव राहिल्यावर दाबतात. रॅम्पार्ट गेलेलं रक्त परत आणत नाही, पुढं येणारा मार २० टक्क्यांनी कमी करतो, तोही २० सेकंदच, आणि पुन्हा मिळायला ९० सेकंद. समजा आठ मॉब मिळून सेकंदाला १०० मारतायत. सुरुवातीलाच दाबलात तर २० सेकंदांत ४०० वाचले. अर्धे मॉब मेल्यावर दाबलात तर २०० वाचतील. म्हणून मॉब गोळा झाले, तुम्ही थांबलात, पहिल्या दोन-तीन सेकंदांत दाबा. जपून ठेवलेला रॅम्पार्ट हा फुकट गेलेला रॅम्पार्ट.

पुढं २२ व्या लेव्हलला रिप्रायझल येईल (जवळच्या शत्रूंचा मार १० टक्के कमी), ३२ ला आर्म्स लेंग्थ, ३८ ला सेंटिनेल (१५ सेकंद मार ३० टक्के कमी). आर्म्स लेंग्थला लोक फक्त ढकलण्यापासून बचाव समजतात. पण ती चालू असताना तुम्हाला मारणारे साधे मॉब हळू होतात, मोठ्या पुलमध्ये सोन्यासारखी. बॉसवर हा मंदपणा चालत नाही. आणि सगळं एकदम दाबू नका. रॅम्पार्ट आणि सेंटिनेल एकत्र म्हणजे ५० टक्के नव्हे. ८० टक्क्यांचे ७० टक्के म्हणजे ५६ टक्के मार आत येतो, बचाव ४४ चाच. एक संपत आला की दुसरा, असं ओळीनं लावलं तर अख्खा पुल झाकला जातो. एकत्र लावायचं ते बॉसच्या एखाद्या दणक्यासाठी, त्याच्या कास्टची (हल्ल्याच्या तयारीची) पट्टी अर्धी भरली की.

बॉसला तोंड पार्टीच्या उलट दिशेला करून उभा करा आणि मग हलू नका. समोर झाडून मारणारे बॉस बरेच असतात, तो झटका फक्त तुम्हाला बसावा. जवळून लढणाऱ्या डीपीएसना बॉसची बाजू आणि पाठ लागते, तुम्ही नाचलात की तीही फिरते. उसाचे दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर निपाणीच्या चौकात वळवताना बघितलाय ना, तसं, मोठा आणि एकदाच वळवायचा.

जमिनीवर नारिंगी खूण आली की कास्टची पट्टी संपायच्या आत बाहेर. मार बसतो की नाही ते खूण नाहीशी होते त्याच क्षणी सर्व्हरवर ठरतं. स्फोट नंतर दिसतो. म्हणून बाहेर येऊनही मार बसला असं वाटतं. आपल्याकडून युरोप काय, जपान काय, सर्व्हर लांबच, त्यामुळे अर्धा सेकंद आधीच निघायची सवय लावा. वायफायपेक्षा केबल लावून खेळलात तर बराच फरक पडेल.

लाईटचं म्हणाल तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, मरतो तो राउटर. राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते वाचून तसा मिनी यूपीएस घ्या. बरेच राउटर १२ व्होल्टचे असतात. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही हवा, नाहीतर राउटर चालू आणि नेट बंद. तरीही तुटलंच तर घाईनं परत लॉगिन करा, डन्जन चालू असेल तर आतच येता. स्वतःहून सोडून गेलात तर मात्र ३० मिनिटं पुन्हा रांगेत लागता येत नाही.

सरावाला माणसं नकोत. ड्यूटी सपोर्टमधून सास्ताशा गेममधल्या पात्रांबरोबर चार-पाच वेळा करा, ती मेली तरी शिव्या देत नाहीत. फक्त त्यांचा मार कमी असतो, त्यामुळे मॉब जास्त वेळ जिवंत राहतात. तिथं एका वेळी एकच घोळका घ्या. त्याआधी हॉल ऑफ द नॉव्हिसचे (गेममधल्या नवख्यांच्या शिकवणीचे) टँकचे धडे पूर्ण करा, शेवटी मिळणारी अंगठी ३० व्या लेव्हलपर्यंत अनुभव ३० टक्के वाढवते. कपडे घेताना आधी चिलखत, दागिने नंतर. मार अडवतं ते चिलखत.

माणसांबरोबर जाताना दोन घोळके घ्यायचे का ते हीलरला विचारा. जपानी सर्व्हरवर असाल तर चॅटमध्ये शब्दाची सुरुवात टाइप करून टॅब दाबा, तयार वाक्यांची यादी येते, त्यातलं निवडलेलं वाक्य समोरच्याला त्याच्या भाषेत दिसतं. हीलर नको म्हणाला तर एकच घ्या.